रूळ नसलेल्या तालुक्यातली गाडी

"आत्या, आप्पा गेले," एवढंच माझ्या दादाचा मुलगा संदीप फोनवर म्हणाला. मंचरला माझ्या गच्चीवर तेव्हा चहाचा चोथा वाळत होता. आदल्या दिवशीच दादाने बजावलं होतं, "माई, चोथा टाकू नको. शेतांना माती कमी पडतीय." शेतं म्हणजे त्याच्या टेबलावरच्या छोट्या रेल्वेकाठची. थर्माकोलच्या डोंगरांखाली, हिरव्या रंगाच्या भुशाशेजारी चोथा पसरला की हुबेहूब नांगरलेलं रान दिसायचं. मी तो चोथा तसाच ठेवून अवसरीला निघाले. दादाला अंगणात ठेवलं होतं, आणि पुढच्या खोलीचं दार कुणीतरी ओढून घेतलं होतं, जणू आत काही लाजिरवाणं असावं.

भेटायला आलेल्यांपैकी एक पाहुणे हळहळले, "माणूस लई चांगला, पन म्हातारपणी पोरकटपणा शिरला व्हता." दुःखाच्या घरात कुणाला उलट बोलू नये म्हणतात. मी बोलले. म्हटलं, "पावणं, पारावर बसून जन्मभर पत्ते कुटणाऱ्याला तुमी पोरकट म्हनत नाय. माझ्या भावानं डोंगर उभे केले, तो पोरकट व्हय?" पाहुण्यांनी पाणी मागितलं. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

दादा एसटीत ड्रायव्हर. जन्म गेला घाट चढण्या-उतरण्यात, पण जीव आगगाडीवर. लहानपणी काड्यापेट्या दोऱ्यात ओवून तो ओसरीभर ओढायचा, आणि मी मध्ये पाय घातला की "लाईन क्लिअर नाय!" म्हणून ओरडायचा. आमच्या जुन्नर-आंबेगावात रूळ नाही. रेल्वे येणार, येणार, हे ऐकत आमचे केस पिकले. निवृत्त झाल्यावर दादाने पुण्यात एका प्रदर्शनात चालती छोटी रेल्वे पाहिली आणि दिवे मालवेपर्यंत तिथून हलला नाही. परत आला तो खोक्यात वीतभर लांबीचं इंजिन घेऊन. "सरकारची येईल तवा येईल, माई," तो म्हणाला, "आपली सुटली." वहिनी तेव्हा होती. तिने कपाळावर हात मारला, आणि आठवड्याने स्वतःच्या जुन्या हिरव्या लुगड्याची कुरणं कापून दिली.

पुढच्या खोलीत मग आख्खा मुलूख उभा राहिला. आणि बोंब अशी, की ज्या गावाला खऱ्या रेल्वेची आशा नाही तेही या रेल्वेवर हक्क सांगायला येऊ लागलं. पठारावरच्या आणे गावचे एक गृहस्थ रागावून म्हणाले, "राव, आमच्या पठाराला ठेसन का नाय?" झालं, दादाने पठारावर चढणारा फाटा काढला. चढ एवढा उभा, की इंजिन जागच्या जागी चाकं फिरवत राही. दादाने मागून दुसरं इंजिन लावलं, आणि त्या गृहस्थांनी ते वर पोचलेलं पाहून पेढे वाटले.

पण दादा मला खरा कळला तो पारूबाईंमुळे. वर डोंगरातल्या आहुपे गावाची मुक्कामी एसटी दादाने कितीतरी वर्षं नेली, आणि पारूबाई त्या गाडीच्या जुन्या प्रवासी. दवाखान्याच्या निमित्ताने खाली आल्या की ओळखीने घरी यायच्या. त्या दिवशी त्यांनी टेबलावर आपलं गाव शोधलं, घर शोधलं, खुलल्या. मग गाडी देवराईच्या झाडांत शिरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"डायव्हरभाऊ, राईतून गाडी घातली व्हय?"

"खेळण्यातली हाय, आजी."

"मग राई बी खेळण्यातलीच समजू का? पडल्यालं लाकूड आमी उचलत नाय तिथलं."

त्यांनी चहा घेतला नाही. नंतर दादाने घट्ट चिकटवलेले रूळ उचकटले आणि राईला वळसा घातला. जागा कमी, त्यामुळे वळण फार आवळलं, आणि त्याने हौसेने जमवलेले लांब डबे तिथे हटकून घसरू लागले. कॉलेजातली मुलं म्हणाली, "काका, झाडं चार बोटं सरकवा, प्रश्न मिटला." दादा म्हणाला, "राई सरकत नसती." लांब डबे खोक्यात गेले. तेव्हापासून त्याची गाडी आखूड डब्यांचीच. पारूबाई पुढच्या खेपेला आल्या, वळण नीट पाहिलं आणि चहा मागून घेतला.

याला छंद म्हणायचं की वेड, ते तुम्ही ठरवा. मी एवढं पाहिलं, की त्या खोलीत वय विचारलं जात नसे. पोरं इंजिनामागे डोळे फिरवायची, कॉलेजची मुलं टेबलाखाली शिरून वायरी तपासायची, आणि म्हातारी माणसं वाकून आपलं घर शोधायची. सापडलं की हसायची. एरवी एकमेकांकडे न बघणारी ही सगळी माणसं तिथे खांद्याला खांदा लावून उभी असत.

दहावा झाला आणि संदीपने विषय काढला. गावात इंजिनिअरिंग कॉलेज, मुलांना खोल्या हव्यात. पुढची खोली मोकळी केली की भाड्याने जाईल. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नव्हते... पण म्हणते, चुकलंच. मागच्या रविवारी तो दुपारी स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. मी पुढच्या खोलीत टेबलाशी खुर्चीत बसले होते. आयुष्यात गाडीच्या बटणाला कधी हात लावला नव्हता, तो लावला आणि गाडी सोडली.

"आत्या, थांबव ना. काढायला घेतो."

"गाडी थांबली की घे."

तो दाराशी उभा राहिला. गाडी फिरत राहिली. मला कुठे जायचं नव्हतं. तेवढ्यात लाईट गेली, आमच्याकडे जाते तशी. गाडी पठाराच्या पायथ्याला उभी राहिली.

"थांबली, आत्या," तो हळूच म्हणाला.

"थांबली नाय. लाईट गेलीय. बस."

तो स्टुलावर बसला. उकडत होतं. दादाच्या आठवणीने माझे डोळे भरले, ते मी पुसले नाहीत, बघू दे म्हटलं. संदीपही मान खाली घालून स्क्रूड्रायव्हर या हातातून त्या हातात करत होता. त्याचेही वडीलच गेले होते, हे मला तेव्हा कुठे सुचलं. तरीही मी उठले नाही.

आणि लाईट आली. बटण मी बंद केलंच नव्हतं. कुणी हात न लावता गाडी आपसूक हलली आणि आण्याचा चढ चढू लागली. संदीप झटकन उठला. मला वाटलं, आता वायर उपटतो. तो टेबलाशी वाकला आणि गाडी वर पोचेपर्यंत तसाच राहिला.

जाताना स्क्रूड्रायव्हर त्याने खिशात घातला. अजून त्याच्याकडेच आहे, मला माहीत आहे. असू दे. मी मंचरचं घर बंद करून अंथरूण इथे पुढच्या खोलीत आणलं आहे.