तीन भावांची एक पाणीपाळी

सदरहू व्यक्ती नामे निशा जिनेंद्र मगदूम, राहणार बोरगाव, शिक्षण बेळगावात, नोकरी बेंगळुरूच्या कंपनीत, बसण्याचे ठिकाण आईच्या स्वयंपाकघरामागची खोली. हद्दीबाबत वाद नाही. वर्तणूक चांगली. तपशिलात घुसण्याची खोड, सुटलेली नाही.

कंपनीनं गावच्या पाणीपुरवठा संस्थेसाठी पोर्टल केलं होतं. सभासदानं मोबाइलवर नाव निवडलं की शेताची पाणीपाळी नोंदली जाणार. नोंदली जात नव्हती. पान लाल व्हायचं. संध्याकाळपर्यंत दुरुस्त झालं नाही तर घरून काम बंद, निशानं बेंगळुरूला येऊन बसायचं, असं तिचा वरिष्ठ आदर्श यानं सौम्य शब्दांत कळवलं होतं.

"माझ्याकडं चालतंय की," तो फोनवर म्हणाला. मूळचा बेळगावातल्या शहापूरचा, खोटं बोलणारा नव्हे. त्याच्याकडं चालतच होतं.

चूक सांगणारी ओळ एवढंच म्हणत होती: नाव निवडणारा भाग नोंदणीच्या भागाला निरोप पाठवतो, त्यात एक सभासद हवा, येतंय भलतंच. भलतं म्हणजे काय, ते कळेना. शेवटी निशानं थोरल्या काकांच्या, श्रीपाल आप्पांच्या, हातात मोबाइल दिला.

"आप्पा, पाणीपाळी नोंदवा बघू."

आप्पांनी स्वतःच्या नावावर खूण केली. मग तिच्या वडिलांच्या. मग धाकट्या काकांच्या.

"तिघांची कशाला?"

"एकत्रातलं रान हाय. माझं एकट्याचं टाकलं तर ह्ये दोघं काय मेल्यात व्हय गं?"

"बाकीचे पण असंच करतात?"

"सगळीच. सदलग्याच्या पाव्हण्यांचं तर पाच भाऊ हाईत."

निशा हसतच सुटली. आदर्शनं एकट्याचं नाव निवडून तपासलं होतं. तो एकुलता एक. एक नाव निवडलं की सभासद जायचा, तीन निवडली की यादी. निरोपात कोणत्या प्रकारची माहिती चालेल, त्या जागी कुणीतरी 'काहीही' लिहून ठेवलेलं, त्यामुळं संगणकानंही आधी हूं की चूं केलं नव्हतं. तिनं 'काहीही' खोडलं. यापुढं यादीच जाईल, एकटा असला तरी एकट्याची यादी, असं दोन्ही भागांना बजावलं.

आप्पांनी पुन्हा तीन खुणा केल्या. पान हिरवं झालं. उन्हं कलायच्या आत अख्ख्या शिवाराची पाणीपाळी लागली.

आदर्शचा फोन आला. "काय केलंस गं?"

"भाऊ वाढवले, सर."

पुढच्या आठवड्यात कंपनीचं पत्र आलं: 'कु. निशा मगदूम, प्रमुख, सीमाभाग विभागीय कार्यालय, बोरगाव.'

बोरगावात कंपनीचं कार्यालय नाही. स्वयंपाकघरामागची खोली आहे.