एक्स-रेच्या एकोणीस चिठ्ठ्या

साताऱ्याच्या सरकारी कार्यालयातल्या टेबलावर एकोणीस चिठ्ठ्या मांडल्या होत्या. वहीच्या कागदाचे चतकोर तुकडे. प्रत्येकावर माणसाचं नाव, गाव आणि थोड्याफार फरकानं एकच मजकूर : 'उजवा खांदा, फोटो काढून देणे. नि. मुजावर, कराड.'

"अक्षर तुमचंच ना?" आरोग्य अधिकारी बाईंनी विचारलं.

"व्हय, माझंच हाय."

नाकारण्यासारखं नियाजभाईंना त्यात काही दिसलं नाही. कराडहून सकाळची एसटी धरून ते आले होते, अकरापासून बाहेरच्या बाकावर बसले होते आणि आता दोन वाजून गेले होते.

नियाजभाई मुजावर हाड बसवतात. वय एकसष्ट. आजोबा तालमीत पैलवानांची मालिश करायचे, निखळलेले खांदे बसवायचे. ते काम वडिलांकडे आलं आणि वडिलांकडून यांच्याकडे. मंडईमागच्या दोन खोल्यांपैकी पुढची या कामाची. एक चटई, तिळाच्या तेलाची बरणी, कापडी पट्ट्यांची पिशवी. दारावर पाटी कधीच नव्हती.

वडील सगळं बोटांनी चाचपून करायचे. एक्स-रे, म्हणजे इकडच्या बोलीत फोटो, मागणं त्यांना अपमान वाटायचा. सव्वीस वर्षांपूर्वी एका ट्रॅक्टर ड्रायव्हरचा मोडलेला हात त्यांनी बांबूच्या कामट्या लावून घट्ट बांधला. चौथ्या दिवशी बोटं काळी पडली. मिरजेला नेलं, तिथं हात कोपरापासून काढावा लागला. ड्रायव्हरनं तक्रार केली नाही. पुढं कित्येक वर्षं तो बाजारात दिसला की डाव्या हातानं सलाम करायचा, आणि वडील रस्ता बदलायचे.

तेव्हापासून नियाजभाईंनी नियम केला : आधी फोटो, मग हात. हाड मोडलेलं निघालं तर माणूस दवाखान्यात. निखळलेलं, लचकलेलं, अवघडलेलं तेवढं आपलं. आपलं काम कुठवर हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं आणि पाळलं.

यंदा कुणीतरी निनावी अर्ज केला. आरोग्य खात्याचं पथक आलं, पण खोलीत चटई आणि तेलापलीकडे काही नव्हतं. चिठ्ठ्या सापडल्या एक्स-रे सेंटरच्या फायलीत.

"डॉक्टर म्हणून नोंदणी नसलेल्याला असं कुणाला एक्स-रेला पाठवता येत नाही," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी म्हणजे तुम्ही पेशंट तपासलात, उपचार ठरवलात. तुमच्याच सहीनं."

"आवं मॅडम, मग फोटो न बघताच हात लावायचा का?"

"हातच लावायचा नाही."

"आन् चिठ्ठी दिली नसती तर?"

बाईंनी चष्मा काढून डोळे चोळले. "तर माझ्याकडे कागद नसता."

नियाजभाई म्हणाले, "पुण्यात माझा पुतण्या राहतो, मतीन. त्याच्या बिल्डिंगीखाली एकाचं दुकान हाय. कायरोप्रॅक्टर म्हणं. काचेचा दरवाजा, पांढरा कोट. माना कडाकडा मोडून देतो."

"अमेरिकेत त्यांना लायसन्स लागतं. प्रत्येक राज्याचं वेगळं. काय करायचं, काय नाही, ते लिहिलेलं असतं. आपल्याकडे त्यांचं रजिस्टरच नाही."

"मग त्यो बी माझ्यासारखाच की."

"पुणे माझ्याकडे नाही," बाई म्हणाल्या आणि हमीपत्र पुढं सरकवलं. "मालिश करा. उपचार नको."

"मालिश कुठं संपती आन् उपचार कुठं सुरू हुतो, तेवढं लिवून द्या."

"तसं कुठं लिहिलेलं नाही हो. हाड हलवू नका, पट्टी बांधू नका, चिठ्ठी लिहू नका. परत सापडलात तर गुन्हा दाखल होईल."

त्यांनी सही केली. घरी आल्यावर त्यांनी बायकोला, खातूनबींना, सहीचं सांगितलं. चाळीस वर्षं त्या पट्ट्या उकळून वाळवत आल्या होत्या. त्यांनी त्या घडी घालून ट्रंकेत ठेवल्या.

आठ दिवसांनी साळूबाई दारात उभ्या राहिल्या. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या, सत्तरीच्या. न्हाणीत घसरल्या होत्या. डावं मनगट टॉवेलात धरलेलं.

"नियाज, बघ रं जरा. लय फुगलंय."

"मी सोडलं, मावशी. सही करून दिलीया."

"सही हातानंच केलीस न्हवं? मग हात हाय की अजून."

"दवाखान्यात जावा."

"तिथं कापत्यात. तू आपली चिठ्ठी दे, मी फोटो काढून आणते."

"चिठ्ठीच देता येत न्हाई."

"मग तुला येतं तरी काय?" साळूबाई वळल्या. "मी जाते वाळव्याला, आकारामाकडं. त्यो फोटोबिटो मागत न्हाई. लगेच ओढतो."

मनगटामागचा उंचवटा नियाजभाईंना बसल्या जागेवरून दिसत होता. हाड मोडलं होतं. हे त्यांनी पूर्वीही बसवलं नसतं. पण पूर्वी चिठ्ठी होती. माणूस त्यांच्या शब्दावर फोटो काढून यायचा, ते मोडलेली जागा बोटानं दाखवायचे आणि माणूस मुकाट दवाखान्यात जायचा. आकाराम ओढणार, मग कामट्या बांधणार.

ते गुडघ्यावर हात टेकून उठले. चपला घातल्या.

"चला. मी येतो बरोबर."

रिक्षात साळूबाई सबंध रस्ता बोलत होत्या. ते ऐकत होते. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीत विचारलं, "बरोबर कोण?"

"शेजारी."

एक्स-रे झाला. हाड मोडलेलंच निघालं. तरुण डॉक्टरांनी विचारलं, "आधी कुणाकडून ओढून घेतलंय का?"

"न्हाई," नियाजभाई म्हणाले.

"नवलच. इथं सगळे ओढूनच येतात." डॉक्टरांनी जागा बधिर केली, प्लास्टर भिजवायला सांगितलं आणि इकडंतिकडं पाहिलं. मदतनीस जागेवर नव्हता. "चाचा, कोपराच्या वर धरा जरा. मी खाली ओढणार, तुम्ही हलू द्यायचं नाही."

नियाजभाईंना हमीपत्रावरची सही आठवली. मग त्यांनी साळूबाईंचा दंड धरला.

"अजून थोडं— हां, बरोबर. बरोबर धरलंत."

"त्याला काय शिकिवताय, डॉक्टर?" साळूबाई कळवळत म्हणाल्या. "माझा खांदा ह्यानंच—"

"गप बसा, मावशी," नियाजभाई म्हणाले, आणि हात सैल केला नाही.