देवराईच्या पानावर कुणाचं नाव

सासूबाईंना खांदा द्यायला कुणी आलं नाही. तिरडीचे पुढचे दोन दांडे नवऱ्याने धरले, मागचे दोन मी. माझी नऊ वर्षांची मुलगी विस्तवाचं मडकं घेऊन पुढे चालली होती. भादव्यातला पाऊस, वाट निसरडी. वाटेवरची घरं सगळी आमच्याच भावकीची. सगळ्यांची दारं लावलेली आणि प्रत्येक दाराच्या फटीतून कुणीतरी बघत होतं. दोनदा माझा पाय घसरला. दुसऱ्यांदा सासूबाई तिरडीवरून सरकल्या, तेव्हा नवरा म्हणाला, "खाली ठेव. दम घे. आपल्या मागनं कोण येत नाय."

आमच्याकडे कुणी गेलं की घरटी एक लाकूड येतं. ती रीत आहे, वैऱ्यालाही चुकत नाही. त्या दिवशी एकही लाकूड आलं नाही. सकाळीच आम्ही गोठ्याचं छप्पर मोडून वासे उतरवले होते. वाटेत देवराईच्या कडेला तोडलेले ओंडके रचून ठेवलेले होते. मी म्हटलं, "यातली दोन घेऊ या. वासे पुरायचे नाहीत." नवरा म्हणाला, "देवराईचं लाकूड चुलीला नाय, सरणालाही नाय. आईनंच शिकवलंय." मला त्याचा भयंकर राग आला. वासे कसेबसे पुरले.

तिसऱ्या दिवशी अस्थी गोळा केल्या, दोन बोचकी बांधली आणि खाली महाडला उतरलो. अस्थी जाता जाता सावित्री नदीत सोडल्या. घराला कुलूप लावलं नाही. लावायला नव्हतंच.

तुम्ही जे वर गावात राहिलात आणि जे मुंबईला, सुरतेला गेलात, त्या दोघांसाठी हे लिहिते आहे. माझं शिक्षण चौथी. अक्षर वाईट आहे, पण वाचता येईल.

आम्ही वाळीत का होतो, हे नव्या पोरांना ठाऊक नाही. त्या वर्षी चैत्रात गावकीने देवराई विकायला काढली. धोंडूभावजींनी गिऱ्हाईक आणलं. धोंडूभावजी म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे चुलतभाऊ, तेव्हा नुकतेच मुंबईहून परतलेले. जीभ गोड, मनगटावर घड्याळ. गावकी त्यांच्या तोंडाकडे बघायची. अर्धी देवराई पडली, तेव्हा माझा नवरा महाडला चालत गेला आणि जंगलखात्याला लिहून देऊन आला. साहेब आले, ओंडक्यांवर हातोड्याने जप्तीचे शिक्के मारून गेले, ट्रक रिकामा परतला. उरलेली अर्धी देवराई वाचली. आठ दिवसांनी देवळासमोर बैठक बसली. ठरलं की या घराशी कुणी बोलायचं नाही, पाणवठ्यावर येऊ द्यायचं नाही, आणि जो बोलेल तोही वाळीत. माझ्या मुलीबरोबर शाळेत कुणी बसेना. गुरुजीसुद्धा तिची पाटी हातात घेत नव्हते, जमिनीवर ठेवायला सांगायचे.

महाडला तेव्हा नुकत्याच कंपन्या येत होत्या. नवरा हेल्पर म्हणून लागला. शिफ्टचं काम, अंगाला वास, धुतला तरी जात नाही असा. रानात हिंडणारा माणूस, तो भोंगा वाजला की उठायचा आणि भोंगा वाजला की झोपायचा. मी भांडी घासली, मग मेसच्या चपात्या लाटल्या. पहिली दोन वर्षं मी संध्याकाळी दाराबाहेर उभी राहायची आणि डोंगराच्या बाजूला बघायची. मग एक दिवस बघायचं सोडलं. तुमच्यासारखी मी दूर गेले नाही. एसटीने दोन तासांवर होते, तरी पंचेचाळीस वर्षं वर पाऊल ठेवलं नाही. पुरात आमची खोली दोनदा बुडाली, तेव्हाही गावाची आठवण काढली नाही. चिखल काढायला शेजारी होते. ओडिशाचे, बिहारचे, बौद्धवाडीतले. नवरा गेला तेव्हा त्यांनीच त्याला उचलला. मला दांड्याला हात लावू दिला नाही.

गेल्या हिवाळ्यात मुलीने मोबाइलवर एक फोटो दाखवला. गावाच्या ग्रुपवर आला होता. आपल्या शाळेत घाटावरच्या एक नव्या बाई आल्यात, अर्चनाबाई. त्या पोरांना देश शिकवतात तो गावापासून सुरू करून. आपलं पाणी कुठून कुठे जातं, आपल्या रानात कोण राहतं, आपली रीत काय. मग तालुका, मग राज्य, मग देश. पोरं स्वतः पानं लिहितात, चित्रं काढतात आणि त्याची वही होते. दरवर्षी तिसरीतल्या नव्या पोरांनी ती वही उतरवून घ्यायची, असं त्यांनी ठरवलंय. पद्धत चांगली आहे. मी शिकले तेव्हा भिंतीवर देशाचा नकाशा होता, त्यात गंगा होती, सावित्री नव्हती.

फोटोतलं पान देवराईचं होतं. वर शेकरू काढलेलं, झुपकेदार शेपटीचं. खाली टोपी घातलेला म्हातारा आणि अक्षर असं: "आमच्या देवराईचे राखणदार धोंडू आजोबा. त्यांनी झाडे वाचवली."

मी मुलीला म्हटलं, "उद्या वर जायचंय." ती म्हणाली, "आई, नको. गेलं ते गेलं." मी म्हटलं, "तुझा बाप गेला. हे गेलं नाही."

मी एकटीच निघाले. पोलादपूरपर्यंत एसटी, पुढे मिनीडोर रिक्षा. शाळेच्या ओट्यावर धोंडूभावजी खुर्ची टाकून बसलेले, पोरांना गोष्टी सांगायला बोलावलेले. मला बघून त्यांनी काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली.

"काय गो वयनी, वाट चुकलीस काय?"

"चुकले नाय. तुम्ही दाखवलीत त्याच वाटेनं गेले, त्याच वाटेनं आले."

"अजून जिभेला धार हाय तुझ्या."

"तुमच्या कुऱ्हाडीला व्हती तेवढी नाय."

शेजारी उभ्या अर्चनाबाईंना वाटलं दीर-भावजयीची चेष्टा चाललीय. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "आजी, तुम्हीही मुलांना देवराईचं काही सांगा ना." मी म्हटलं, "सांगते. पण इथं नाही, तिथं." आणि धोंडूभावजींना म्हटलं, "चला भावजी, राखणदाराशिवाय देवराई कशी बघायची?" एवढ्या पोरांसमोर त्यांना नाही म्हणता येईना.

मी पोरांना नीट शिकवलं. कुणी म्हणू नये की म्हातारी फक्त भांडायला आली. कड्याखालचा झरा दाखवला. हे पाणी सावित्रीला मिळतं, महाडला मगरी काठावर ऊन खात पडतात त्यांच्या अंगावरून जातं आणि बाणकोटला समुद्राला भेटतं, हे सांगितलं. शेकरू खाली उतरत नाही, झाडावरून झाडावर उडी टाकतं, म्हणून मधलं एक झाड गेलं की त्याचा रस्ता तुटतो, हे सांगितलं. इथलं वाळकं पानसुद्धा घरी नेत नाहीत, हेही सांगितलं. पोरं ऐकत होती. एक जण म्हणाला, "आजी, मगर माणूस खाते?" मी म्हटलं, "माणूस खायला माणसं हायत ना."

मग त्यांना एका तोडलेल्या बुंध्याजवळ उभं केलं. बेहड्याचा बुंधा, चार पोरं हात धरून उभी राहिली तरी कवेत येणार नाही असा. वर माती साचून गवत आलेलं.

"या झाडात वर ढोली व्हती," मी म्हटलं. "धनेश पक्ष्याची मादी अंडी घालायला ढोलीत शिरते. दार चिखलानं बंद करून घेते, एवढीशी फट ठेवते. नर बाहेरनं फळं आणतो, फटीतनं भरवतो. पिल्लं होईपर्यंत ती आतच. चैत्रात हे झाड पाडलं तेव्हा ती आत व्हती."

एक बारकी, दोन वेण्यांची मुलगी म्हणाली, "मग ती बाहेर कशी आली?"

"नाय आली. नर चार दिवस तोंडात फळ घेऊन इथं घिरट्या घालायचा. मी बघितलाय."

"कोणी पाडलं?" तिने विचारलं.

मी धोंडूभावजींकडे बघत राहिले. बाईही त्यांच्याकडे बघायला लागल्या, मग पोरं.

"वयनी, जुनं उकरू नको. पोरं हायत."

"पोरांसाठीच आलेय. सांगा. नायतर मी सांगते, आणि मी सगळंच सांगेन. सासूबाईंचंही."

त्यांनी काठीवर दोन्ही हात ठेवले. मग म्हणाले, "मी पाडलं. बाकीचं ह्यांच्या घरानं वाचवलं." आवाज एवढा बारीक की मागच्या पोरांना ऐकू गेला नाही. मी म्हटलं, "मोठ्यानं." त्यांनी मोठ्यानं सांगितलं.

दोन वेण्यांची ती पोर रडायला लागली. ती त्यांची नात निघाली, ते पान तिनेच काढलेलं. मला वाईट वाटलं. पण थांबले नाही. माझी पोर मडकं घेऊन चालली तेव्हा कोण थांबलं होतं?

बाई म्हणाल्या, "आजी, मी ते पान काढून टाकते." मी म्हटलं, "अजिबात नाही. पान राहू दे. त्यांचं नावही राहू दे. खाली लिहा त्यांनी काय केलं, आणि माझ्या नवऱ्याने काय केलं, आणि मग गावाने काय केलं. वाळीत हा शब्द लिहा. त्याचा अर्थही लिहा." बाई घाबरल्या, गावातच राहायचं होतं त्यांना. पण त्यांनी लिहिलं. मी शेजारी बसून वाचलं आणि गावाने काय केलं ती ओळ पुन्हा लिहून घेतली. आता दरवर्षी तिसरीतली पोरं ते उतरवतील, धोंडूभावजींच्या घरातलीसुद्धा. मला फार बरं वाटलं. लपवत नाही.

मिनीडोरची वाट बघत होते तेव्हा भावजी काठी टेकत आले. म्हणाले, "आता गावकी तसली नाय ऱ्हायली. तुमच्या जुन्या घराच्या जोत्यावर दोन खोल्या बांध. ये परत."

"कशाला? मेले की उचलायला?"

मिनीडोर आली, मी बसले. माझं घर महाडला आहे, कंपनीच्या मागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं, पावसाळ्यात भीती वाटते असं. तिथे माझा मीटर आहे, माझं रेशनकार्ड आहे, आणि दार ठोठावलं की उघडणारी माणसं आहेत. वरच्या जागेला मी घर म्हणत नाही. ती माझ्या मालकीची जागा आहे आणि जिवंत असेपर्यंत तिच्यावरचा हक्क सोडणार नाही.

देवळासमोर त्या बैठकीला बसलेल्यांपैकी आता धोंडूभावजी एकटे उरलेत. वाळीत टाकलेल्या घरातल्या आम्ही दोघी जिवंत आहोत, मी आणि माझी मुलगी.