तांदळात लिहिलेलं नाव

चौथीनंतर मी शाळा पाहिली नाही, पण आमच्या घरातला एकही फॉर्म आजवर दुसऱ्या कुणी भरलेला नाही. रेशनचा, गॅसचा, मुलीच्या कॉलेजचा, सगळे मीच भरले. इंग्रजी मोठी अक्षरं मला पंपांनी शिकवली. बडोद्याच्या एका कारखान्यात मी जन्मभर फिटर होतो. प्रत्येक पंपाला एक पितळी पट्टी असते, तिच्यावर ठोकलेली अक्षरं. तेल पुसायचं आणि वाचायचं. त्यामुळे माझं अक्षरही तसंच, ठोकल्यासारखं. मुलगी म्हणायची, बाबा, तुम्ही फॉर्म भरता की कोरता? म्हणू दे. आमचे पणजोबा संस्थानच्या फौजेत होते, आपलं काम दुसऱ्याच्या हातून करून घ्यायची आमच्यात सवय नाही.

निवृत्तीनंतरही कारखान्यानं आम्हा म्हाताऱ्यांचा आरोग्य विमा चालू ठेवला. दर वर्षी त्याचा एक फॉर्म येतो. आपलं नाव, पत्नीचं नाव, वय, आजार, सही. नोकरीच्या कागदांत जे होतं तेच पुढे चालत आलं, पुरावा कधी कुणी मागितला नाही. पत्नीच्या नावापुढच्या चौकोनांत मी तिचं नाव लिहायचो. तिचं म्हणजे मी ठेवलेलं. आमच्यात लग्नात ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं बायकोचं नवं नाव त्यात लिहितो. माहेरचं नाव त्या दिवशी संपलं, असं मी धरून चाललो. दोन्ही नावं मी इथे लिहीत नाही, घरातली गोष्ट आहे. एवढंच सांगतो की माहेरचं चांगलं लांब होतं आणि मी ठेवलेलं दोन अक्षरी.

यंदा जुलैत हिच्या पोटात दुखायला लागलं. आधी तिनं ओवा खाल्ला, मग सोडा घेतला, मला सांगितलं ते तिसऱ्या दिवशी, तेही उभं राहवेना तेव्हा. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. डॉक्टरांनी पुढच्या मंगळवारची तारीख दिली. लांबवू नका म्हणाले, पुन्हा असंच दुखणं उठलं तर सोपं ऑपरेशन अवघड होऊन बसेल. मी छाती पुढे काढून सांगितलं की विमा आहे, काळजी नाही.

त्याच आठवड्यात इन्कमटॅक्सचं रिटर्न भरायचं होतं. हा एकच कागद मी स्वतः भरत नाही, कारण तो कागदावर राहिलाच नाही, संगणकात गेला. सुभानपुऱ्यात एक बाई आहेत, त्या भरतात. आमच्याकडे रिटर्न भरणाऱ्याला वकीलच म्हणतात, काळा कोट असो नसो, म्हणून त्या वकीलबेन. आधी त्यांचे वडील माझं काम करायचे. बेन गुजराती, पण माझ्याशी मराठी बोलतात आणि माझ्या मुलीपेक्षा जास्त रागावतात.

यंदा हिचंही रिटर्न होतं. जवळच्या पादरा गावी हिचं माहेर. भावानं तिथलं दुकान विकलं आणि हिचा वाटा बँकेत हिच्या नावावर ठेवला. बँकेनं व्याजातून कर कापला, तो परत मिळवायला रिटर्न हवं. हिनं आपल्या पत्र्याच्या पेटीतून एक पाकीट काढून दिलं. त्या पेटीला मी कधी हात लावला नाही, तसंच त्या पाकिटातही डोकावलो नाही. नेऊन टेबलावर ठेवलं.

वकीलबेननी हिचं आधार काढलं, पॅन काढलं, शेजारी माझी विम्याची पावती ठेवली आणि चष्मा वर केला.

"काका, तुम्ही दोन लग्नं केलीत आणि मला सांगितलंपण नाही?"

मी हसलो. मग त्यांनी दोन्ही कागद माझ्याकडे फिरवले. आधारवर माझं नाव होतं, माझं आडनाव होतं, आणि त्यांच्या आधी हिचं माहेरचं नाव, पुरतं. पॅनवरही तेच. किती तरी वर्षांत मी ते नाव कुठे लिहिलेलं पाहिलं नव्हतं.

बेन म्हणाल्या, रिटर्नचं काही अडत नाही, ते पॅनवरच्या नावानं जाईल. अडेल ते दवाखान्यात. विमा एका बाईचा आणि आधार दुसरीचं, असं दिसलं की मंजुरी मिळायची नाही. मग त्यांनी उपाय सांगितला. नोटरीकडून सोगंदनामा, म्हणजे प्रतिज्ञापत्र, करायचा, की ही दोन्ही नावं एकाच बाईची. तो जोडून कारखान्याच्या ऑफिसात दुरुस्तीचा फॉर्म द्यायचा आणि विम्यात आधारवरचं नाव घालून घ्यायचं. आज गुरुवार, उद्या दिलं तर मंगळवारपर्यंत होईल.

मी म्हटलं, विम्यातलं नाव बदलायचं नाही. आधार बदला.

त्या म्हणाल्या, त्याला गॅझेट, हे ते, महिने जातील.

मी म्हटलं, जाऊ देत. मग ऑपरेशनचे पैसे मी रोख भरीन.

बेननी कागद परत पाकिटात घातले. म्हणाल्या, "पैसे तुमचे, काका. पण पोट काकींचं दुखतंय. त्यांना विचारलंत?"

मी पाकीट उचललं आणि निघालो. गोत्रीला घरी पोचेपर्यंत रिक्षात मनात एकच चाललं होतं, की एवढी वर्षं मी चारचौघांसमोर ठेवलेलं नाव हिनं बाजूला टाकलं आणि दुसरंच वापरलं.

घरी आलो तर ही एक हात पोटावर दाबून दुसऱ्या हातानं भाजी परतत होती. मी पाकीट ओट्यावर ठेवलं आणि विचारलं, हे कधी केलंस?

तिनं गॅस बारीक केला. आधारची माणसं सोसायटीत आली होती तेव्हाची गोष्ट तिनं सांगितली. मी म्हणालो होतो, रांगेत उभं राहायला मी काही भिकारी नाही, तू जा. ती शाळेचा दाखला घेऊन एकटी गेली. संगणकावरच्या पोरीनं विचारलं, आजी, नाव काय?

"मला माझं नाव कुणी विचारलंच नव्हतं हो इतक्या वर्षांत," ती म्हणाली. "तुमची मिसेस, अमकीची आई, असंच चाललेलं. तिनं विचारलं आणि तोंडातून तेच निघून गेलं. पुढे तुमचं नाव मी सांगितलं की नीट."

मी स्टुलावर बसलो. मला रागावायचं होतं, पण ती वाकून उभी होती, आणि वाकलेल्या माणसावर रागावता येत नाही. मग जे मी कुणालाच सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं. दोन अक्षरी नाव मी आवडलं म्हणून ठेवलं नव्हतं. आई म्हणाली होती, मुलीचं नाव छान आहे, तेच राहू दे. पण पादऱ्याची माणसं शिकलेली, हिचे काका मास्तर. शाळेतली अक्षरं तोवर हातातून गेली होती, ते लांब नाव त्यांच्यासमोर, तांदळात, अंगठीनं लिहायचं माझ्यानं झालं नसतं. म्हणून मला सर्वांत छोटं जे लिहिता येत होतं ते ठेवलं.

ती म्हणाली, "ठाऊक आहे."

मी वर पाहिलं.

"तळहातावर शाईनं लिहून आणलं होतंत. घामानं सगळं निळं झालेलं. लिहायला बसलात ते पहिलंच अक्षर एवढं मोठं काढलंत की दुसऱ्याला ताटात जागाच उरली नाही. माझे काका वाकून बघायला लागले, तेव्हा मी हात पुढे करून तांदूळ सारखे केले. सगळे म्हणाले, नवरी घाबरली."

हे मला आठवतं. नवरी घाबरली म्हणून लोक हसले होते आणि मीही हसलो होतो. माझी लाज झाकायला तिनं तांदळातलं अक्षर पुसलं, हे मला या वयात, भाजी करपायच्या वासात कळलं. गॅस मीच उठून बंद केला. तिला आत नेऊन पाठीशी उशी दिली आणि वरणभात मी लावला. जरा पातळ झाला. तिनं तसाच संपवला.

शुक्रवारी सकाळी मी वकीलबेनच्या दारात त्यांच्या आधी हजर. त्यांनी कुलूप काढलं. सोगंदनामा टाइप करून दिला, नोटरीचा पत्ता दिला, आणि दुरुस्तीचा फॉर्म समोर ओढून पेनाचं टोपण काढलं.

मी म्हटलं, द्या इकडे. हा मी भरणार.

एका कोऱ्या कागदावर मात्र त्यांच्याकडून ते नाव इंग्रजीत लिहून घेतलं. पहिल्यांदाच कुणाकडून लिहून घेतलं, आणि या वेळी तळहातावर लपवलं नाही, समोर ठेवलं. मग एका चौकोनात एक अक्षर, असं कोरत गेलो. बेननी मध्येच चहा मागवला तो थंड झाला. नाव संपलं तरी पुढे चौकोन शिल्लक होते.

सोमवारी दुपारी ऑफिसातून फोन आला, नाव बदललं. संध्याकाळी दवाखान्यातून मंजुरीचा निरोप आला. मंगळवारी सकाळी बाकावर आम्ही शेजारी बसलो होतो. आतून नर्सनं नाव पुकारलं. मी नुसताच बसून राहिलो, कुणाला बोलावतायत कोण जाणे. ही केव्हाच उठली होती. जाताना बांगड्या काढून माझ्या हातात दिल्या.

दीड-दोन तासांनी तिला खोलीत आणलं. ऑपरेशन नीट झालं होतं, पण भूल पुरती उतरली नव्हती. नर्स म्हणाली, काका, झोपू देऊ नका, नावानं हाका मारा.

आता आमच्यात बायकोला नावानं कोण हाक मारतं? मी आजवर अगं म्हणत आलो. मी ठेवलेलं नावसुद्धा फॉर्मातच लिहायचो, तोंडानं कधी घेतलं नाही. एकदा अगं म्हणून पाहिलं, ती हलली नाही. मग खाटेची कड धरली आणि ते लांब नाव मोठ्यानं, पुरतं घेतलं.

तिनं डोळे उघडले.

"किती मोठ्यानं," ती म्हणाली. "बाहेर लोक आहेत."

मी म्हटलं, असू देत. आणि परत एकदा घेतलं, हळू.