एकोणचाळीसचा रुपया

“कडेनं धर रे, कडेनं. तोंडाला हात लावू नको.”

बाईंच्या टेबलापाशी गेलेल्या प्रत्येकाला हे एकदा तरी ऐकावं लागलं आहे. मुलुंडच्या त्या शाळेच्या हॉलमध्ये, महिन्याच्या पहिल्या रविवारी जुन्या नाण्यांचा बाजार भरतो, तिथे तुम्ही कधी आला असाल तर तुम्हीही ऐकलं असेल. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत नाण्याची फक्त कड धरायची. बोटाचा घाम चांदीला लागला की डाग पडतो आणि भाव उतरतो, हे कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. बाई ते कारण कधी सांगत नसत. त्यांच्या आवाजावरून वाटे, नाण्यावरची राणी झोपलेली आहे आणि आपण उगाच तिला उठवतो आहोत.

खिडकीजवळचं टेबल त्यांचं. त्यावर काळा दोरा बांधलेलं भिंग, छोटा वजनकाटा आणि एक शिसवी पोळपाट. होय, पोळपाट. नवा माणूस हसायचा. बाई त्याच्या हातातला राणीछाप रुपया घ्यायच्या, वीतभर उंचीवरून पोळपाटावर सोडायच्या आणि मान किंचित कलती करून ऐकायच्या. खऱ्या चांदीचा आवाज लांबत जातो. शिसं मिसळलेलं नाणं ‘थप्’ करून बसतं. पोळपाटावर रुपयांच्या कडांनी उमटलेले शेकडो बारीक वण होते, चंद्रकोरींसारखे.

बाई मूळच्या मालवणकडच्या. लग्न होऊन भांडुपला आल्या. नवरा गिरणीत होता. गिरणी बंद पडल्यावर बाई घाटकोपरला एका सराफाकडे कामाला लागल्या. दुकान झाडायचं, आणि गिऱ्हाइकानं मोडीत घातलेले दागिने वितळवण्याआधी निवडून ठेवायचे. त्या मोडीत बायकांच्या गळ्यातल्या रुपयांच्या माळा यायच्या. “सगळं भट्टीत जायचं रे,” त्या सांगत. “राणी काय नि राजा काय, वितळल्यावर एकच.” मग पगारातून चार पैसे बाजूला टाकून, चांदीच्या वजनाच्या भावानं त्या एकेक नाणं सोडवून घ्यायला लागल्या. कान तिथे तयार झाला, डोळाही तिथेच. शाळा सातवीपर्यंत. पण राणी व्हिक्टोरियाच्या पोशाखावरची नक्षी बघून त्या नाण्याचा साचा सांगायच्या.

त्यांच्याकडे काय काय लोक यायचे! मोबाइलवर कुठला तरी व्हिडिओ बघून एक गृहस्थ बोरिवलीहून आले. रुमालात गुंडाळलेलं तांब्याचं नाणं, त्यावर हनुमान. दबक्या आवाजात म्हणाले, “हे तांदूळ ओढतं. खेचून घेतं. परदेशात करोडोंनी घेतात.”

बाईंनी भिंगही उचललं नाही. “तांदूळ ओढतं?”

“हो.”

“मग घरी न्या आणि निवडायला बसवा. बायको खूश होईल.”

दुसऱ्या एक बाई आजेसासूचे रुपये चिंचेनं घासून, आरशासारखे लख्ख करून घेऊन आल्या होत्या. बाईंनी एक नाणं कडेनं धरलं आणि उजेडाकडे फिरवून दोन्ही बाजू पाहिल्या. “शंभर वर्षं लागली होती गो हा रंग चढायला,” त्या म्हणाल्या. “घासायच्या आधी कुणाला तरी विचारायचंस ना, बाय माझे.” त्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. मग बाईंनीच त्यांना चहा पाजला.

विकत घेण्याची त्यांची एक रीत होती. आधी काय आहे ते सांगायचं, मग आपण काय देणार ते. आमच्या धंद्यात बरोबर उलटं करतात. माणसाला आपल्याजवळ काय आहे हे कळायच्या आत भाव करून मोकळं व्हायचं. बाई समोरच्याला म्हणत, “हा अमुक सालचा आहे, बाजारात याचे इतके येतात, मी इतके देईन. चार ठिकाणी विचारून या.” गेलेले बहुतेक परत यायचे. आणि घेतलेलं प्रत्येक नाणं कागदी पाकिटात जायचं. पाकिटावर पेन्सिलीनं तीन ओळी: काय आहे, कुणाकडून आलं, काय किमतीचं.

त्यामुळे त्या हॉलमध्ये एक वाक्य शिक्क्यासारखं चालायचं. बाईंनी बघितलंय. एवढं म्हटलं की कुणी पुढे विचारत नसे.

आता मी माझ्याकडे येतो. इतकी वर्षं टाळत आलो.

घाटकोपरला जिन्याखाली माझं नाण्यांचं आणि तिकिटांचं दुकान आहे. दोन माणसं आत आली की तिसऱ्यानं बाहेर थांबायचं, एवढं. जे काही शिकलो ते बाईंच्या टेबलापाशी उभं राहून. त्या मला ‘मेल्या’ म्हणायच्या. मालवणी बाई रागात असली तरी ‘मेल्या’ म्हणते आणि जीव लावला असला तरीही. बारा वर्षं मी त्या दुसऱ्या अर्थानं ऐकत आलो.

एकदा कुर्ल्याच्या एका भंगारवाल्यानं मला सहाव्या जॉर्ज राजाचा एकोणचाळीस सालचा, म्हणजे १९३९चा, रुपया दाखवला. तुम्हांपैकी जे या नादात नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. अडतीस सालचा रुपया शोधला की सापडतो. एकोणचाळीसचा फार फार दुर्मिळ, हजारांच्या आकड्यांत जातो. कानाला आवाज बरोबर लागला, काट्यावर वजन बरोबर भरलं. त्याला मी काय आहे ते सांगितलं नाही. लगेच भाव केला, मोठी रक्कम दिली आणि घेऊन आलो.

दुकानात आल्यावर भिंगाखाली धरला. सालातल्या शेवटच्या इंग्रजी नऊच्या डाव्या बाजूला, खालच्या पोटाशी, चांदी किंचित खोल गेली होती. केसाएवढे ओरखडे. कुणीतरी इंग्रजी आठाच्या खालच्या वाटोळ्याची डावी बाजू खरवडून त्याचा नऊ केला होता. चांदी खरी होती, म्हणून आवाज आणि वजन दोन्ही बरोबर. खोटा होता तो एक आकडा.

पैशाची गरज होती असं मी म्हणणार नाही. नुकसान सोसलं असतं. सोसवली नाही ती लाज. बाईंना दाखवला असता तर त्यांना क्षणात कळलं असतं, की त्यांचा बारा वर्षांचा चेला आठाला नऊ म्हणून घेऊन आला. म्हणून मी तो त्यांना दाखवलाच नाही.

पुढच्याच आठवड्यात ट्रॉम्बेला राहणारे एक गृहस्थ दुकानात आले. त्यांना एकोणचाळीसचाच हवा होता. वडिलांचं जन्मसाल. वडील अंथरुणावर होते आणि त्यांच्या सालचा रुपया त्यांच्या हातात ठेवायचा होता. नाणं बघून त्यांनी मला एकच विचारलं.

“बाईंनी बघितलंय?”

मी म्हणालो, “हो.”

एवढंच. एका अक्षराचा शब्द.

चार महिने काही झालं नाही. म्हातारे गृहस्थ तो रुपया उशाशी ठेवून झोपत, असं कानावर आलं. मग ते गेले. मुलानं रुपयाचा फोटो आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, वडिलांची आठवण म्हणून. कुणीतरी तो मोठा करून पाहिला आणि लिहिलं, ‘नऊ जरा बघा.’

पुढच्या बाजाराच्या रविवारी ते गृहस्थ थेट खिडकीजवळच्या टेबलाशी गेले. मागोमाग पंधरा-वीस माणसं. तुमच्यापैकी काही जण त्यात होते. मी माझ्या टेबलामागे उभा होतो, बाईंपासून चार पावलांवर.

“बाई, हा तुम्ही पास केलेला,” माझ्याकडे बोट करून ते म्हणाले, “म्हणून यांच्याकडून घेतला.”

बाईंनी रुपया कडेनं धरला. भिंग लावलं. एवढा वेळ त्यांनी कुठल्या नाण्याला लावलेला मी पाहिला नव्हता. नंतर कळलं, त्या नाणं बघतच नव्हत्या. आठाचा नऊ ओळखायला त्यांना दोन क्षण पुरे होते. बाकीचा वेळ त्या विचार करत होत्या. भिंग खाली ठेवताना त्यांनी एकदाच मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं असतं तर तेव्हाच. मी टेबलावरची पाकिटं सारखी करत राहिलो.

“हो,” बाई म्हणाल्या. “माझ्याकडून चुकलं. डोळे गेले आता माझे.”

मग त्यांनी पिशवीतून पत्र्याचा लाल डबा काढला. त्यातलं काही त्या विकत नसत. त्यातून एक सोन्याची गिन्नी काढली, तरुण राणीचा मुखडा असलेली. सराफाच्या दुकानातली त्यांची सोन्यातली पहिली खरेदी. “रुपया मला द्या आणि ही घ्या. हिचा भाव चार ठिकाणी विचारा.”

ते गृहस्थ सज्जन होते. म्हणाले, “गिन्नी नको हो बाई, मला वडिलांचं साल हवं होतं.”

“ते माझ्याकडे नाही,” बाई म्हणाल्या, “म्हणून तर.”

हॉल रिकामा झाल्यावर मी त्यांची पिशवी उचलून रिक्षापर्यंत गेलो. गिन्नीची किंमत मी भरून देतो म्हणालो. त्या थांबल्या.

“किंमत? ती मघाशी द्यायची होतीस. नुसतं तोंड उघडून.”

“बाई, तुम्ही का असं…”

“माझे डोळे गेले म्हटलं तर लोक मला बसायला खुर्ची देतील. तुझी नियत गेली म्हटलं तर तुझं दुकान बंद. पोरगी शिकतेय ना तुझी?” पिशवी माझ्या हातातून घेत म्हणाल्या, “जा मेल्या.”

त्या वेळचं ‘मेल्या’ कुठल्या अर्थाचं होतं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

त्यानंतर बाई दोन रविवार आल्या. लोक खरंच खुर्ची द्यायचे, चहा आणायचे, तब्येत विचारायचे. नाणं मात्र कुणी दाखवत नव्हतं. दुसऱ्या रविवारी एक तरुण जोडपं त्यांच्या टेबलाकडे वळलं, तेव्हा कुणीतरी हळूच म्हणालं, “तिकडे नको, त्यांना दिसत नाही आता.” बाईंनी ऐकलं. मीही ऐकलं. त्यांनी पोळपाट फडक्यात गुंडाळला आणि पुन्हा आल्या नाहीत. मी भांडुपला दोनदा गेलो. दोन्ही वेळा त्यांनी माशाचं कालवण जेवू घातलं आणि नाण्यांचा विषय निघू दिला नाही. तिसऱ्यांदा जायचा मला धीर झाला नाही.

या वर्षी बाई गेल्या. महिन्याभरानं त्यांची मुलगी लाल डबा घेऊन दुकानात आली. “आईनं सांगून ठेवलंय, भाव करायचा तर तुमच्याकडूनच.”

मी एकेक पाकीट उघडू लागलो. प्रत्येकावर तीन ओळी, पेन्सिलीच्या. माणगावच्या मावशींकडून. सराफाच्या मोडीतून. अमक्या गृहस्थांकडून, मुलीच्या लग्नासाठी विकला. तळाशी एक पाकीट होतं. पहिली ओळ: ‘अडतीसचा. आठ खरवडून नऊ केलेला.’ तिसरी ओळ: ‘विकायचा नाही.’

कुणाकडून आलं, ती मधली ओळ कोरी होती.

मुलगी सांगत होती, “एक मला कळत नाही. आईची नजर गेली असं सगळे म्हणायचे. अहो, शेवटच्या आठवड्यापर्यंत सुईत दोरा तीच ओवून द्यायची मला. तिला विचारलं की हसायची नुसती.”

मी तिला सगळं सांगितलं. जसं घडलं तसं. तिनं ते पाकीट माझ्या पुढ्यात सरकवलं.

“मला सांगून काय उपयोग?” ती म्हणाली. “मला नाण्यातलं काय कळतं? ज्यांनी तिला खुर्ची दिली, त्यांना सांगा.”

म्हणून हे लिहिलं. बाईंनी तो रुपया त्या रविवारच्या आधी कधीच पाहिला नव्हता. त्यांची नजर शेवटपर्यंत साफ होती. ट्रॉम्बेच्या त्या गृहस्थांना मी आधीच जाऊन भेटलो आहे. त्यांनी ऐकून घेतलं, दार लावलं. योग्यच केलं. त्या पाकिटावरच्या मधल्या ओळीत मी माझं नाव लिहिलं आहे, शाईनं.

डब्यातल्या प्रत्येक नाण्याचा बाजारभाव लिहिलेला कागद द्यायला मी परवा भांडुपला गेलो. मुलगी पोळ्या करत होती. ओट्यावर तोच शिसवी पोळपाट.

“डब्यातलं बघू पुढे काय करायचं ते. पण हा मी वापरायला काढला,” ती म्हणाली. “नुसता ठेवून काय करायचा?”

लाटलेली पोळी तिनं उचलली आणि तव्यावर टाकायच्या आधी उजेडाकडे धरून मला दाखवली. कच्च्या पोळीवर सगळीकडे बारीक चंद्रकोरी उमटल्या होत्या, दाट, एकीवर एक. त्यात बाईंनी ऐकलेला प्रत्येक रुपया होता. मी विकलेला तेवढा नव्हता. तो त्यांनी पोळपाटावर टाकलाच नव्हता.

पोळी तव्यावर पडली, फुगली, आणि वण दिसेनासे झाले. तिनं ती ताटलीत माझ्यासमोर ठेवली. गरम होती. मी ती कडेनं धरली.