साळवेसर आणि ‘करण्यात यावे’

‘दफनविधी उद्या सकाळी दहा वाजता करण्यात येईल.’ रूथताईच्या मेसेजमधलं हे शेवटचं वाक्य वाचलं आणि, खरं सांगते, रडू यायच्या आधी मला सरांची लाल पेन्सिल आठवली. ‘करण्यात येईल’भोवती त्यांनी गोल काढला असता आणि समासात लिहिलं असतं, कोण करणार? ... या गोष्टीला आता सहा आठवडे झाले. केलं आम्हीच. त्यांची लेक रूथताई, मी, आणि कधीकाळी दिल्लीत मुनिरक्याच्या भाड्याच्या खोल्यांत राहून त्यांच्याकडे शिकलेले वीसेक जण.

साळवेसरांची सगळी नोकरी दिल्लीत आयात-निर्यातीच्या फायलींत गेली. दर रविवारी आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते आम्हाला, म्हणजे मराठीतून स्पर्धा परीक्षा देणाऱ्या गावाकडच्या पोरापोरींना, अर्थशास्त्र शिकवायचे. फी एकच, दर आठवड्याला एक उत्तर लिहून आणायचं. माझं पहिलं उत्तर विकसनशील देशांच्या धोरणांवर होतं. ‘बाजारपेठ खुली करण्यात यावी, अनुदाने कमी करण्यात यावीत, लघुउद्योगांना साहाय्य देण्यात यावे’, असं दोन पानं भरून मोठ्या थाटात लिहिलेलं. वही परत आली ती लाल गोलांनी भरलेली. सर म्हणाले, “शमीम, तुझ्या उत्तरात सगळं होतंय आणि कोणीच काही करत नाहीये. बिल्कुल आमच्या ऑफिससारखं.” सगळे हसले. मला मात्र ते चांगलंच झोंबलं, आणि मी गप्प बसणारी नाही.

उदगीरला माझ्या अब्बांचा विजेऱ्यांचा छोटा कारखाना होता. बाहेरच्या स्वस्त विजेऱ्या बाजारात आल्या आणि दोन वर्षांत तो बंद पडला. अब्बांनी वर्तमानपत्राचं एक कात्रण पाकिटात जपून ठेवलं होतं, ‘विजेऱ्यांच्या आयातीवरील निर्बंध उठवण्यात आले.’ पुढच्या रविवारी मी भर वर्गात ते कात्रण सरांसमोर ठेवलं. “उठवण्यात आले, असं लिहिलंय सर. कोणी उठवले?”

सरांनी ते वाचलं. चष्मा काढून पुसला... “मी,” म्हणाले. “सह्या वरच्यांच्या. पण फाइलवरची नोट माझी होती.”

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. दोन रविवार मी तिकडे फिरकले नाही. तिसऱ्या रविवारी मुनिरक्यातल्या माझ्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीचं दार वाजलं, तर धापा टाकत सर उभे. “तुझ्या अब्बांना भेटायचंय,” म्हणाले. मी विचारलं, आता कशाला? तर म्हणाले, “मी केलं म्हणालो ना? मग केलेलं बघायला नको?”

आणि आला हा माणूस उदगीरला, दिवाळीच्या सुट्टीत, स्वतःच्या खर्चाने. बंद शेडमध्ये दोन स्टूल टाकून ते आणि अब्बा समोरासमोर बसले. अब्बांनी एकच विचारलं, “साहेब, बरोबर केलंत का?” मला वाटलं, आता माफी मागतील. पण सर म्हणाले, “हो. बरोबरच केलं. अंधारात रानात जाणाऱ्याने महाग विजेरी किती वर्षं घ्यायची? तोही गरीबच.” अब्बांचा चेहरा उतरला. मला सरांचा इतका राग आला की मी उठूनच जाणार होते. तेवढ्यात ते पुढे बोलले. “पण तुम्हाला आधी कोणीतरी येऊन सांगायला हवं होतं. दोन वर्षांची मुदत, नव्या यंत्राला कर्ज... त्यातलं मी काहीच मागितलं नाही. ‘बाधित घटकांचा विचार करण्यात यावा,’ एवढं एक वाक्य लिहिलं आणि फाइल पुढे पाठवली. विचार कोणी करायचा, ते लिहिलंच नाही. ही चूक माझी.”

अब्बा उठले. मग आत जाऊन शेवटच्या खोक्यातली एक विजेरी घेऊन आले. “न्या,” म्हणाले, “सेल मात्र तुमचे तुम्ही टाका.” दोघंही हसले.

ती विजेरी मग कायम सरांच्या टेबलावर, पेन्सिलीशेजारी. निवृत्तीनंतर ते नोएडाला राहायला गेले, तिथेही. दिल्लीत वाढलेली रूथताई तिला टॉर्च म्हणायची आणि सर प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे. “चलो पप्पा, विजेरी, बस?” असं ती म्हणेपर्यंत सोडायचे नाहीत. त्यांच्याशी मी पुढे वर्षानुवर्षं भांडले आणि बहुतेक ठिकाणी हरले, हे आज मोकळेपणाने सांगते. दारं बंद ठेवणारा देश आपल्याच गरीब गिऱ्हाइकाच्या माथी महाग माल मारतो, हे मला पटलंय. पण दार उघडून जो तोंड फिरवतो, तोही कोणा गरिबाच्याच पोटावर पाय देतो. सर म्हणायचे, “बाजार खुला करणं हे अर्धं धोरण झालं. ज्याचं जाणार, त्याच्या दारात जाऊन बसणं हे उरलेलं अर्धं.” ते अर्धं परीक्षेत कोणी विचारत नाही.

आता मीही तसल्याच एका ऑफिसात बसते. गेल्या आठवड्यात कात्र्यांवरचं आयात शुल्क कमी करण्याची फाइल आली. प्रस्ताव चांगला आहे, मी त्याच्या बाजूची आहे. पण नोटच्या शेवटी हिंदीत तेच वाक्य, ‘प्रभावित इकाइयों पर विचार किया जाए।’ सरांच्या माघारी रूथताईने विजेरी आणि पेन्सिल दोन्ही मला दिल्यात. त्याच पेन्सिलीने मी गोल काढला. मेरठला कात्र्या बनवणाऱ्यांच्या गल्ल्या आहेत. तिथे जाऊन बोलल्याशिवाय सही करणार नाही, असं वरिष्ठांना सांगितलं. अच्छा, म्हणाले, देख लो.

संध्याकाळी लक्ष्मीबाई नगरच्या घरून अब्बांना फोन केला आणि सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, “मेरठला कोण जाणार?”

“मी.”

“विजेरी घेऊन जा मग. सेल टाकलेत का तिच्यात?”

“टाकलेत अब्बा,” म्हटलं. “मी टाकलेत.”