वीज काढलेलं पाणी
कारखान्यात ग्रीसचा वास आला की मला धरणाच्या पायथ्याचं पॉवरहाऊस आठवतं आणि डोकं तापतं. बोईसरहून आम्हा शिकाऊ वायरमनना तिथं नेलं होतं. उंचावरून आलेलं पाणी पाती फिरवतं, पात्यांना जोडलेलं जनित्र फिरतं, मग पाणी कालव्याला लागतं, असं तिथले साहेब सांगत होते. धरणात जमीन गेलेली एक म्हातारी दारात उभी होती. तिनं विचारलं, “वीज काडलेला पानी भाताला चालंल ना?” साहेबांसकट सगळे खिदळले. ती म्हणाली, “जमीन घेतली, झाडं घेतली. पान्यातला काय घेता, ता इचारू नको?” साहेब जेवायला निघून गेले. पाण्याचा फक्त जोर घेतात, पाणी तसंच राहतं, हे सांगायला अर्धं मिनिट पुरलं असतं. एकानंही सांगितलं नाही. मीही नाही, आणि मला तर ते माहीत होतं.